काडीमोड झाला, सासू राहिली

तुळसाचा नवरा धोंडू मुंबईला नोकरीला होता; शिमग्याला तेवढा गावी यायचा. त्र्याऐंशी सालच्या शिमग्याला तो आला नाही. बातमी आली, की परळला त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय आणि तिथे पाळणाही हललाय.

गावकी बसली. गावकर रावजी म्हणाले, "पोरी, तू सासरीच राहा. धोंडू काय, येल आज ना उद्या."

"मी वाट बघत बसायची नाय," तुळसा म्हणाली. "मला कायद्यानं मोकळं करा."

सगळ्यांनी सासूकडे, सोनूबाईकडे पाहिलं. ती सुनेची समजूत घालील असं त्यांना वाटलं होतं. "चूक माझ्या लेकाची हाय," सोनूबाई पदर सावरत म्हणाली. "हिला कशाला अडवताव?"

तुळसाने मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात काम धरलं, जवळच एक खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी रत्नागिरीत जाऊन वकील गाठला. दोघं राजी असतील तर सोपं आहे, तो म्हणाला. वर्षभर वेगळे राहिलेले असलात की अर्ज करायचा आणि मग सहा महिने थांबायचं. धोंडूलाही सुटका हवीच होती. त्याने मुकाट सही केली.

शेवटच्या तारखेला तो नवा टेरिकॉटचा शर्ट घालून आला. सोनूबाईही गावाहून पहिल्या एसटीने आली होती, काखेत भलंमोठं गाठोडं घेऊन. तुळसाला वाटलं, लेकाबरोबर मुंबईला निघालीय.

न्यायाधीशांनी दोघांना आत बोलावलं. "अजून विचार करा. एकत्र नांदता येणार नाही का?"

तुळसा म्हणाली, "साहेब, याला दोन घरं झेपायची नायत. एक तरी नीट करूंदे."

साहेबांनी हसू दाबलं. मूलबाळ नव्हतं, माहेरचे दागिने तिला परत मिळाले होते. "म्हणजे आता वाद कशाचाच नाही?"

"हाय!" दारातून आवाज आला. पट्टेवाला सोनूबाईला मागे ओढत होता. "माझं काय लिवलंत कागदात?"

"आजी, तुम्हाला मुलगा सांभाळेल."

"मना मुंबई नको. मी हिच्याकडं ऱ्हाणार."

"अहो, पण घटस्फोटानंतर सासूने कुठे राहायचं, यासाठी कायद्यात कलम नाही."

"मग अडवायलापण नसंल!"

साहेब आता मोकळेपणी हसले. तुळसाने पुढे होऊन सोनूबाईच्या काखेतलं गाठोडं घेतलं.

मिरजोळ्याच्या बायकांना हे नातं उमगायला महिना गेला. "सुटलेल्या सुनेकडं सासू?" त्या विचारायच्या. "नवरा सुटला, आये कशी सुटंल?" म्हणून तुळसा कामाला लागायची.

सोनूबाई काही स्वस्थ बसली नाही. दोन वर्षांनी तिनेच तुळसासाठी स्थळ शोधलं. सखाराम एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, बायको वारलेली. तो बघायला आला, तर तुळसाने चहा आणण्याआधीच सोनूबाईने त्याची उलटतपासणी घेतली.

"दारू?"

"नाय."

"मुंबईत कोण?"

"मुंबई अजून बघितलीच नाय मी."

आतून तुळसाचं हसणं ऐकू आलं.

"लग्न झाल्यावरपण मी हिच्याकडंच ऱ्हाणार," सोनूबाईने बजावलं.

"ऱ्हावा की, मावशी," सखाराम म्हणाला. "माझी खोली मोठी हाय. तिघंपण मावू."

वैशाखात लग्न झालं. कन्यादानाला सोनूबाई बसली.