फिनेलकाकूच्या घरातले जंत

माझ्या काकूला सगळी गल्ली फिनेलकाकू म्हणते, अर्थात तिच्या माघारी. दाराची कडी, नळाची तोटी, दुधाची पिशवी, सगळं धुऊन घेणारी बाई. दुसऱ्याच्या घरी गेली की आधी मोरीत डोकावणार आणि मग ठरवणार, पाणी प्यायचं की नाही. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, घासूनपुसून. अजूनही मी तिच्यासमोर मान वर करून बोलत नाही.

मी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करते. गेल्या वर्षी काकूच्या सुनेचं, म्हणजे माझ्या वहिनीचं, पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स सुजलं असणार म्हणून डॉक्टरांनी ते काढलं आणि तपासायला आमच्याकडेच पाठवलं. सूज नव्हतीच. आत जंत निघाले, दोऱ्याएवढे बारीक. आमच्याकडे असं कधीमधी निघतं, त्यात नवल काही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी खाली लिहिलं: घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यावं.

"सगळ्यांनी?" काकू कडाडली. "माझ्या घरात जंत? हे तिच्या माहेरचं आंदण!"

गोळी एकट्या वहिनीला मिळाली. दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. टाके ओले असताना ती वाकून चादरी उकळत होती. आठव्या दिवशी काकूने तिला माहेरी धाडलं आणि तीन वर्षांच्या नातीला आपल्या कुशीत झोपवायला घेतलं. तपासणी स्वच्छ आल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, ही अट. माझा चुलतभाऊ आईपुढे गोगलगाय. बायको रिक्षात बसत होती तेव्हा हा मोबाईल बघत होता.

महिन्याने वहिनीची काचपट्टी आली. सकाळी उठल्या उठल्या शौचाच्या जागी चिकटपट्टी लावून मग काचेवर डकवतात, जंतांची अंडी दिसतात का बघायला, ती. त्याच दिवशी काकूही आली, पदराखाली स्वतःची पट्टी लपवून. खाजेने तिला झोप लागत नव्हती. पोरही झोपेत खाजवते म्हणाली. पण दुकानात जंताची गोळी मागायची तिला लाज वाटत होती.

वहिनीच्या पट्टीवर काही नव्हतं. काकूच्या पट्टीवर अंडीच अंडी.

काकू माझ्या खुर्चीमागे येऊन स्क्रीनवर वाचत उभी राहिली. "नावं बदल."

"काकू, पोर महिनाभर आईविना..."

"तुला कोणी वाढवलं?"

मी नावं बदलली. माझी मलाच किळस आली, पण बोटं काही थांबली नाहीत. डॉक्टरबाईंनी न वाचता सही केली.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. रडत होती. "ताई, गोळी मी वेळेवर घेतली होती हो. नखंसुद्धा रोज कापते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पिल्लू माझ्याजवळ असती तर तिलाही झाले असते," ती नाक पुसत म्हणाली. "बरं झालं, आईंच्या कुशीत झोपते."