अंगठी काढून आत या

धातूची पावडर आणि आमच्या वर्कशॉपमधले किस्से, दोन्ही कितीही झाडा, कोपऱ्यात साठतातच.

वाघोलीत आम्ही धातूचे सुटे भाग प्रिंट करतो. पावडरचा पातळ थर पसरायचा, वरून तांब्याची कॉइल फिरवायची. कॉइलमध्ये वीज सोडली की जाळाशिवाय पावडर तापते, कण वितळून एकमेकांना चिकटतात. मग पुढचा थर. कॉइल मी बनवलेली. आणि आमचे मालक जोशीसर जन्मभर भट्टीवाले! "जाळ नाही तर उष्णता कसली? डेमोला ग्राहकाला पटलं तर ठीक, नाहीतर तुझी कॉइल भंगारात."

*

खंडेनवमीला सरांनी मशीनची पूजा केली. हार, हळदकुंकू, सगळं ठीक. पण अक्षता थेट पावडरवर! त्या दिवशीच्या भागाला भोकं पडली. मी तणतणले.

सर शांत. "तुझ्या मशीनला तांदूळ पचत नाहीत, त्याला मी काय करू?"

*

उन्हाळ्यात सरांनी टेबलफॅन आणला आणि मशीनच्या दिशेनेच लावला. पसरलेला थर गायब, सरांचा पांढरा शर्ट करडा! पावडर सांभाळणारी माझी मैत्रीण सलमा ओरडली, "फॅन बंद करा!"

"मग मी काय घामाने भिजू?"

"भिजा ना सर. पावडर कोरडी राहिली म्हणजे झालं."

*

शेवटी मी दारावर पाटी लावली: 'अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून आत या. मालकांनीसुद्धा.'

"अक्षर बरंय," म्हणत सर पुष्कराजाच्या अंगठीसकट आत! "गुरुबळासाठी आहे. काढायची नसते."

"सर, कॉइल चालू आहे. अंगठीपण धातूचीच, तापेल!"

"जाळ कुठाय?" म्हणून त्यांनी हात पुढे केला. पुढच्या क्षणी हात पाण्याच्या बादलीत!

सलमा म्हणाली, "गुरुबळ वाढलं वाटतं!"

*

डेमोचा दिवस. ग्राहक म्हणजे पंप बनवणारे एक साहेब, सरांच्याच वयाचे. माझ्याच नशिबी सगळे असे! मशीनकडे बघून म्हणाले, "जाळ नाही, धूर नाही. तापतंय कशावरून?"

मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "आधी अंगठी काढा."

"नीलम आहे. शनीचा. काढायचा नसतो."

सरांनी आपलं भाजलेलं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

साहेबांनी ते नीट पाहिलं. अंगठी काढली. घड्याळ काढलं. गळ्यातली चेन काढली. मग जरा घुटमळले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"ताई, तुम्ही जरा तिकडे तोंड करता का? करगोटा चांदीचा आहे."