एक खिळा सोडून

आमचा अनुभव असा की, दहा रोपं लावली तर तीन जगतात. किस्से मात्र सगळेच जगतात, तेही बिनपाण्याचे. लातूरच्या आमच्या ट्युशनवाल्या गल्लीतली झाडं सांभाळणारे आम्ही चार-पाच जण. त्यात वनस्पतिशास्त्राची पीएच.डी. असलेला मी एकटाच, आणि सर्वांत जास्त रोपं मेली तीही माझ्याच हातून. त्यामुळे हे किस्से मी सांगावेत का, अशी शंका आहे. पण ज्यांच्यामुळे झाडं जगली त्यांचे आभार मानायची दुसरी रीत मला येत नाही.

*

दर रविवारी सकाळी आम्ही झाडांत ठोकलेले खिळे काढतो. क्लास वाढले तशा पाट्या वाढल्या, आणि पाटीमागे चार-चार खिळे. काढायचं काम रशीदभाईंचं. ते मागच्या गल्लीतले, आता काम थांबवलेले सुतार. त्यांच्या हातात खिळे उपटायचा जंबूर, माझ्या हातात वही.

पहिल्याच रविवारी खिळ्यामुळे सालीखाली काय बिघडतं, ते मी सगळ्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. तेवढ्यात रशीदभाईंनी तीन झाडं मोकळी केली.

"चालू द्या डॉक्टरसाहेब तुमचं," ते म्हणाले. "पेशंट बरे होऊन घरी जाऊन राहिले."

कोपऱ्यावरच्या जुन्या कडुलिंबात, हात उंचावला की लागेल एवढ्यावर, एक जाड गंजलेला खिळा होता. टाचणीसुद्धा न सोडणारे रशीदभाई तो एकच खिळा दर वेळी सोडून द्यायचे. मी कधी विचारलं नाही. त्या खिळ्याचा विषय निघूच नये, अशी माझी इच्छा होती. कारण तो मी ठोकला होता.

किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे आमच्या घराला भेग पडली. गल्लीतली सगळी माणसं त्या लिंबाखाली येऊन बसली. दुपारी आभाळ भरून आलं. आई आजारी होती. मला ताडपत्री बांधायची होती, पण दोरीला आधार मिळेना. गर्दीत कुणाचा तरी हातोडा पडलेला दिसला, तो उचलला आणि खिळा ठोकला. पुढचे कितीतरी दिवस आम्ही त्या ताडपत्रीखाली काढले. नंतर आयुष्यभर मी झाडांना खिळे ठोकू नका म्हणून व्याख्यानं दिली. हा खिळा मात्र कुणाला सांगितला नाही.

*

त्याच लिंबासमोर शोभाताईंची मुलींची मेस आहे. एकदा शिडीवर चढून एक माणूस लिंबावर पाटी ठोकत होता. ताई हातात लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"काय रं, कशाची पाटी हाय ही?"

"बायोलॉजीच्या क्लासची, मावशी."

"मंग झाड जित्तं असतंय हे शिकवत न्हाईत व्हय तिथं?"

"शिकवत असतील की," तो खाली उतरत म्हणाला. "मी आर्ट्सचा हाय."

पाटी शेवटी त्याने समोरच्या लोखंडी खांबाला बांधली. दोरी ताईंनीच दिली, वर चहाही पाजला.

*

लातूरला रेल्वेने पाणी यायचं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मेसच्या मुली क्लासहून येताना बाटलीतलं उरलेलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतायच्या. सुरुवात भोकर गावच्या एका मुलीने केली. पुढच्या टेस्टमध्ये ती पहिली आली, आणि झालं! मोठ्या परीक्षेच्या आठवड्यात दूरदूरच्या क्लासची मुलं बाटल्या घेऊन रांगेत उभी.

मी घाबरलो. मुळं कुजतील, रांग बंद करा, असं मी सांगू लागलो.

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "थांबा सर. सगळ्या गावाचा घसा कोरडा, अन् झाड बुडून मेलं, हे पेपरात तरी येऊ द्या."

त्या पोरांमुळेच झाडाने तो उन्हाळा काढला. मी रांग बंद करू शकलो नाही, याचा आजही आनंद वाटतो.

*

दोन वर्षांनी चैत्रात गावातले सगळे लिंब फुटले. आमचा अर्धाच फुटला. दुसरी बाजू कोरडी ठणठणीत. शेजारी इमारत बांधणाऱ्या मालकाला तिथे पार्किंग हवं होतं. त्याने झाड वाळलंय म्हणून तोडायचा अर्ज दिला. महापालिकेचे साहेब पाहणीला आले. ताईंनी मला पुढे ढकललं, "हे डॉक्टर हाईत झाडाचे. लिहून देतील."

मी लिहून दिलं, 'झाड बहुधा जगेल.'

साहेबांनी कागद वाचला. "सर, 'बहुधा'वर मला अर्ज फेटाळता येत नाही. पंधरा दिवसांनी येतो. त्या बाजूला पालवी दिसली तर ठेवू. नाहीतर..."

वाळलेली बाजू नेमकी त्या खिळ्याची होती. एका खिळ्याने एवढं मोठं झाड वाळत नाही, हे मला पुस्तकातून पक्कं माहीत होतं. तरी ते पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. ताई रोज वरणाचा डबा पाठवायच्या आणि सोबत निरोप, "झाडाच्या आधी तुम्ही वाळू नका."

बाराव्या दिवशी मेसच्या मुली ओरडत आल्या. कोरड्या फांदीच्या टोकाला तांबूस पालवी होती. साहेब आले, पालवीला हात लावून बघितलं, हसले, आणि अर्जावर नकार लिहून गेले.

ताईंनी सगळ्यांना शिरा वाटला. मी रशीदभाईंना बाजूला घेतलं.

"तुम्ही तो खिळा कधीच का काढला नाही?"

"तुमच्या आईवर छप्पर होतं ते, सर."

"म्हणजे तो मी ठोकला, हे तुम्हाला माहीत होतं?"

रशीदभाईंनी वाटीतला शिरा संपवला, हात पुसले.

"हातोडा माझाच होता. आजून वापस न्हाई दिला तुम्ही."