ताईच्या स्कूटीचा डावा आरसा

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. म्हणून त्या दिवशी मी ताईच्या मागं बसून न जाता भल्या सकाळी वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपनं गेले होते, आणि ताई तिच्या नेहमीच्या वेळेला एकटीच स्कूटीवरून निघाली होती. शाळेत मुलं ओट्यावर बसून खिचडी खात होती, तेवढ्यात फोन वाजला. ताईचं नाव बघून मी हसतच म्हटलं, "काय गं, डबा विसरलीस?" पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "बाई, हा फोन ज्यांचा हाय, त्या तुमच्या कोण?" मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, "या तुमी. धावपट्टीच्या कुंपणाजवळ. लवकर या." त्याला आता दीड महिना होत आला. अजूनही फोनवर कुणाचंही नाव उमटलं की मी ते आधी दोनदा वाचते, मग फोन उचलते.

सुजाताताई सोलापूरजवळच्या एका खेड्यात आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. मी शिकवते ती शाळा त्याच रस्त्यावर, थोडी अलीकडं. कित्येक वर्षं आम्ही दोघी एकाच स्कूटीवर गेलो. चालवणार ती, मागं बसणार मी. कारण मी जन्माची भित्री आणि ती जन्माची दांडगी. सुई बघून तोंड फिरवणाऱ्या गड्यांना ती म्हणायची, "आधी त्या मिशा काढून ठिवा हितं, मग रडा." दाजी अचानक गेल्यावर तिनं प्रज्ञाला, तिच्या एकुलत्या एक लेकीला, एकटीनं वाढवलं, आणि वर मलाही सांभाळलं. मी पन्नाशीला टेकले तरी तिच्या लेखी मी 'संगी'च होते, शेंबूड पुसायचा राहिलेली.

आमचा रस्ता विमानतळाच्या धावपट्टीच्या तारेच्या कुंपणाला लागून जातो. पूर्वी तिथं विमान म्हणजे सणासुदीसारखं, कधीतरी. मग नियमित येऊ लागलं आणि लोकांना नवाच छंद लागला. उतरायच्या वेळेला पोरंटोरं खांद्यावर घेऊन माणसं कुंपणाशी उभी असायची. जाणारे-येणारेही गाडी चालवता चालवता वर बघायचे. त्यात वाईट ते काय? मीही बघायचे की! इतकं खाली येतं ते, की त्याची चाकं दिसतात, पोट दिसतं, आणि इतकं अवजड धूड तरंगतंय कसं या विचारात आपण असतो तोवर ते डोक्यावरून गेलेलंही असतं.

भीती पहिल्यांदा शिरली ती एका दूधवाल्यामुळं. आमच्या पुढं तो मोटारसायकलला दोन्हीकडं किटल्या अडकवून चालला होता. विमान वरून गेलं, आणि रस्ता जिथं वळतो तिथं तो न वळता सरळ, अगदी शांतपणे, कडेच्या पाण्याच्या चारीत गेला. ब्रेक नाही, हॉर्न नाही, काही नाही. दूध सांडलं, गुडघा फुटला. ताईनं पर्समधला कापूस काढून तिथंच पट्टी बांधली आणि बांधता बांधता त्याला झापलं. "डोळं कुटं हुतं रं तुझं?" तो रडवेला होऊन म्हणाला, "आवो बाई, वळण दिसतच हुतं की मला. दिसत हुतं... पर वळायचं सुचलंच न्हाय."  

आमचे वडील केम स्टेशनला रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. ते आम्हाला लहानपणी सांगायचे, गाडी येताना दिसली की माणूस गाडीकडंच बघत राहतो आणि आपले पाय कुठं आहेत ते विसरतो. म्हणून तुम्ही शेजारच्या माणसाकडं बघा. ताईला ते आठवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिनं फर्मान काढलं. "संगे, इमान आलं की इमान बघायचं न्हाय. हनुवट्या बघायच्या. ज्याची हनुवटी वर, तो त्या घडीला आंधळा समजायचा. त्याच्यापासनं लांब ऱ्हायचं." तेव्हापासून आवाज आला की ती गाडी हळू करायची आणि समोरून येणाऱ्यांची हजेरी घ्यायची. ज्याची हनुवटी वर, तो तिच्या लेखी 'गेला'. "हा गेला. ती बी गेली. आगं, रिक्षावाला बी गेला की!" मला हसू यायचं. पण एकदा ते बघायची सवय लागली की हसू पळतं. समोरून येणारी माणसं, हातात हँडल, पायाखाली धावती गाडी, आणि सगळ्यांचे गळे आभाळाकडं... कोंबड्या पाणी पिताना मान वर करतात तशी.

माझी हनुवटी हा आणखी वेगळा प्रश्न होता. मी कितीही ठरवलं तरी आवाजासरशी मान वर जायची, मी एका अंगाला कलायचे आणि गाडी डगमगायची. शेवटी ताईनं डावा आरसा फिरवून माझ्या तोंडाकडं केला. हनुवटी हलली रे हलली की ओरडायची, "संगे, खाली!" मी एकदा म्हटलंही, "ताई, आरसा मागचं बघायला असतो." ती म्हणाली, "उजवा हाय की. आणि मागचा मला बघंल. त्याच्या नाकासमोरच तर हाय मी."  आजही त्या वाक्यात चूक शोधते आणि सापडत नाही, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त भय वाटतं.

त्या शनिवारी विमान येत होतं. नंतर कळलं, ताईच्या पुढं मोटारसायकलवर एक कुटुंब होतं. बाप, आई, मधे लेकरू, तिघंही वर बघत असलेले. ताईनं नियमाप्रमाणं गाडी हळू केली. मागून येणाऱ्या पिकअपनं केली नाही. तो ड्रायव्हर मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटला. प्याला नव्हता, फोनवर नव्हता. "मॅडम, बाई दिसत हुत्या मला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, खूप द्यायच्या होत्या. पण दूधवाल्याचं वाक्य आठवलं आणि मी तशीच पायऱ्या चढून आत गेले. स्कूटी मागून चेपली होती. डावा आरसा मात्र धडधाकट होता, रिकाम्या सीटकडं वळलेला.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी घरासमोर कापडी मांडव घातला होता. वंदना झाली, आमचे मामा बोलायला उभे राहिले. ताई कशी गेली ते सांगत होते, त्या रस्त्यावर सगळ्यांनी सावध राहा म्हणून हात जोडत होते, आणि तेवढ्यात वरून विमान गेलं. मांडवातली झाडून सगळी माणसं वर बघू लागली. वर होतं काय? कापड. रडणाऱ्या बायकांनी वर बघितलं, बोलता बोलता मामांनी बघितलं... आणि मीही. माझी मान खाली आली तेव्हा प्रज्ञा एकटी माझ्याकडं बघत होती.  त्या मांडवात मला जेवढी भीती वाटली तेवढी दवाखान्यातही वाटली नव्हती.

प्रज्ञाचं कॉलेज त्याच रस्त्याला आहे. तिनं स्कूटी दुरुस्त करून आणली तेव्हा मी खूप आकांडतांडव केलं. विकून टाक म्हटलं, वडापनं जा म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, वडापच्या ड्रायव्हरला हनुवटी नसती का?" पोरगी आईवर गेली आहे. मग मीही हट्टानं तिच्या मागं बसायला लागले. तिला एकटीला त्या रस्त्यावर सोडायचा धीर मला होत नाही.

आरसा तिनं सरळ केलाय. पहिल्या दिवशी मी तो पुन्हा माझ्याकडं फिरवायला गेले, सवयीनं. तिनं माझा हात धरला आणि आरसा परत रस्त्याकडं वळवला. आता माझ्या हनुवटीवर नजर ठेवणारं कुणी नाही. म्हणून आवाज आला की मी कपाळ प्रज्ञाच्या पाठीवर गच्च टेकवते आणि डोळे मिटते.  तरी मान वर जायला बघते, आतून कुणीतरी ओढल्यासारखी.

परवा असंच विमान आलं. मी कपाळ टेकवलं. प्रज्ञाची पाठ एकदम ताठ झाली. "मावशी, घट्ट धर," ती म्हणाली, "मागचा गेला." तिनं स्कूटी डांबरावरून खाली मातीत घातली, कुंपणाला जवळजवळ चिकटवून उभी केली. मी डोळे उघडले. एक टेम्पो आम्ही आत्ता जिथं होतो तिथूनच गेला, जराही हळू न होता. ड्रायव्हर अगदी जवळून दिसला. बायकामुलं असतील असा, भला माणूस. त्याची हनुवटी अजून वरच होती.