मार्थाआत्याच्या मनुका

गेल्या महिन्यात आमच्या चर्चमधल्या प्रभुभोजनात प्यायचा मनुकांचा रस मी करपवला. मनुका गॅसवर ठेवून अंगणात मोबाईल बघत बसलो. वास सुटला तेव्हा उठलो, पातेल्यात पाणी ओतलं, वर साखर ढकलली आणि ते काळं पाणी गाळून देवळात नेलं. हे काम मंडळीनं माझ्या गळ्यात घातलं होतं, कारण वर्षानुवर्षं ते करणारी माझी मार्थाआत्या आता नव्हती. तिच्या लेकीचा, रूथचा, नगरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी काष्टीच्या बाजारात शेळी बघत होतो. "दादा, आई गेली," ती म्हणाली. आणि मी शहाण्यानं विचारलं, "कुठं?"

आत्या मंडळीच्या पंचांपुढं झुकली नाही, ती एकदाच. रूथनं पाथर्डीकडच्या हिंदू मुलाशी लग्न केलं, मांडव घालून, मंगलाष्टकं म्हणून. आत्या गेली, अक्षता टाकल्या, पोटभर जेवून आली. पंचांनी बोलावलं. चूक झाली म्हणा, म्हणाले. आत्या म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर तांदूळ टाकले म्या. येशूवर धोंडे न्हाई टाकले." झालं! चूक कबूल करेपर्यंत प्रभुभोजन बंद. तिनं मरेपर्यंत कबूल केली नाही.

मला संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. प्याला बंद केला, पण रस मात्र तिच्याच हातचा हवा. मनुकांना शिस्तभंगाची शिक्षा लागू नव्हती! शनिवारी ती त्या भिजत घालायची, रविवारी पहाटे उकळून फडक्यातून गाळायची, रस मेजावर नेऊन ठेवायची आणि दाराजवळच्या मागच्या बाकावर एकटी जाऊन बसायची. प्याल्यांचं ताट तिच्या पुढच्या रांगेपर्यंत यायचं आणि तिथूनच वळायचं... "कशाला मरतेस करून? राहू दे त्यांना कोरडं," असं मी एकदा चिडून म्हणालो. फडकं पिळता पिळता ती हसली. "त्यांच्यासाठी करते व्हय रे? ज्याचं जेवण हाय, त्याच्यासाठी करते."

आणि दफनाच्या वेळी पाळकसाहेब काय म्हणाले? "मंडळीची माता हरपली." माता! मातेला उंबऱ्याशी बसवून जेवणारी लेकरं ही...

तर, त्या रविवारी माझ्या रसाच्या पहिल्याच घोटाला पाळकसाहेबांचं तोंड वाकडं झालं. एका पंचांनी उसासा टाकला, "मार्थाबाईंच्या हाताची चव गेली हो." माझं डोकंच फिरलं. "हात चालला, तोंड चाललं नाही तुम्हाला!" मी भर उपासनेत ओरडलो, भरलेला प्याला तसाच ठेवला आणि तरातरा जाऊन आत्याच्या बाकावर बसलो. तिथं रूथ आधीच बसली होती. आपण फार मोठं काहीतरी केलं, असं वाटून माझी छाती फुगली होती. आता ही डोळे पुसणार, माझा हात धरणार...

तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"आई हुती तवा पुढं बसून गुमान पीत हुतास," ती म्हणाली. "आता जागा रिकामी झाल्यावर आलास व्हय? सरक तिकडं."