शुक्रवारचं अक्षर

विजापूर वेशीतल्या मकदूम पेंटरला अक्षर बिघडलेलं खपत नसे. माणूस बिघडला तर तो सोडून देई, अक्षराला मात्र माफी नव्हती. तीस वर्षं त्याने मार्केट यार्डाजवळ ट्रकांच्या पाठीवर नावं रंगवली. करकंबच्या उसवाल्याचं मराठीत, विजापूरच्या शेठचं कन्नडमध्ये, हैदराबादच्या गाडीचं तेलुगूत. तेलुगू त्याला ओ की ठो वाचता येत नव्हती, पण मालक बघून खूश व्हायचा. अशा माणसाला डॉक्टरांनी रोज संध्याकाळी वहीत स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, तेव्हा तो चांगलाच दुखावला.

"मी काय बालवाडीत हाय?"

वही सांभाळायचं काम त्याच्या बायकोकडे, अमिनाकडे आलं. कुठल्याशा जुन्या काविळीने वर्षानुवर्षं गुपचूप त्याचं लिव्हर खाल्लं होतं. लिव्हर म्हटलं की दारू, असं धरून चालणाऱ्या शेजाऱ्यांवर अमिनाचा अजून राग होता, कारण या माणसाने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. लिव्हर थकलं की शरीरातलं विष डोक्यात चढतं आणि ते आधी अक्षरात दिसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर एक गोड, चिकट औषध होतं. दिवसातून तीनदा घ्यायचं आणि पोट साफ ठेवायचं, म्हणजे तीन वेळा तरी संडासाकडे पळायचं. "हयगय केलीत तर एक दिवस ते तुम्हाला ओळखणार नाहीत," एवढं एकच वाक्य अमिनाच्या कानात बसलं होतं.

दीड महिन्याची पानं उलटून बघताना तिचं डोकं चक्रावलं. शनिवारनंतर नाव सुधारत जायचं आणि गुरुवारपर्यंत ताठ उभं असायचं. शुक्रवारी मात्र पहिल्या 'म'चं पोट सुटलेलं, 'दू' ओळीखाली घसरलेला, आणि शेवटचा 'म' कुठल्या कुठे. आणि शुक्रवार तर त्याचा सगळ्यात चांगला दिवस! जुम्म्याची नमाज पढून आला की तो हातात तसबी घेऊन पलंगावर बसायचा. मणी एकेक सरकत राहायचे, मग सरकायचेही थांबायचे. चेहरा असा निवांत की हाक मारायला जीव धजायचा नाही.

"अमिना, आत सगळं शांत झालंय गं. लई सुकून हाय."

आता बाईने काय समजायचं? देवाचं नाव घेतल्याने नवरा सुखी होतो की बिघडतो? तिने गुरुवारचं मटण बंद केलं. पेन बदललं. दवाखान्यात दर मंगळवारी रुद्राणी नावाची मुलगी लिव्हरच्या पेशंटांना श्वासाचे व्यायाम शिकवायची. मकदूम तिथेही डोळे मिटून अल्लाच्या नावावर श्वास मोजायचा, आणि मंगळवारचं अक्षर बरं असायचं. म्हणजे डोळे मिटण्यातही खोट नव्हती. मग नमाजच डोक्यात चढते की काय, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि तिने घाईने तौबा केली.

पुढच्या शुक्रवारी तो मशिदीतून आला, पलंगावर बसला आणि गोड हसून म्हणाला, "झीनत, पाणी दे."

झीनत त्याची बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. अमिनाने पाणी दिलं आणि संध्याकाळची वाट न बघता ती वही शोधायला गेली.

मंगळवारी तिने व्यायाम संपल्यावर रुद्राणीला गाठलं आणि वही पुढे केली. "ताई, नमाजनं माणूस बिघडतो का हो?"

रुद्राणी हसली नाही. तिने पानं उलटली. "शुक्रवारी औषध किती वेळा घेतात?"

"तीनदा. बाटली तर रोज कमी होतीय की."

रुद्राणीने मकदूमकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "दर गुरुवारपास्नं जुम्मा होईस्तवर मोरीत ओततो."

"काय?" अमिना ओरडली.

"औषध घेतलं की पळावं लागतंय. वजू तुटतो, नमाजेआधी हातपाय धुतलेलं वाया जातंय. रांगेत हुभारलो की पोट गुडगुडतंय. अल्लासमोर असं कसं जायचं गं?"

अमिनाला रडावं की चारचौघांत त्याला बदडावं, कळेना. एवढे दिवस ती नमाजेवर संशय घेत होती आणि औषध मोरी पीत होती!

"पण मग ते सुकून?" मकदूमने रुद्राणीला विचारलं. त्याचे डोळे भरले होते. "ते अल्लाचं हुतं का ह्या आजाराचं?"

"ते मला नाही सांगता येणार, चाचा," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिने गुरुवारी आणि शुक्रवारी प्रत्येक डोस समोर उभं राहून पाजला. जुम्म्याला तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला. परत आला तो चिडलेलाच, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"दोनदा उठलो, दोनदा वजू केला. गुडघे दुखले. शेजारचा सारखा खोकत हुता. सगळं ऐकू आलं, पर सुकून-बिकून काय न्हाय."

अमिनाला त्याची कीव आली, अगदी पोटातून. तिने वही पुढे केली.

त्याने नाव लिहिलं. दोन्ही 'म' ताठ, 'दू' जागच्या जागी. वही त्याने परत दिली नाही. मग पेन पुन्हा टेकवून, ट्रकवर लिहायचा तसं सावकाश, त्याने खाली आणखी एक नाव काढलं.

अमिना.

"बघ," तो म्हणाला, "बरोबर हाय न्हवं?"