एक पंचमांश प्राणवायू

हुडकेश्वरकडच्या एका मुलींच्या शाळेत चंपतराव गजभिये एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होते. आपल्याइतकं सोपं करून सांगणारा मास्तर अख्ख्या नागपुरात नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ती दुसऱ्या कुणाचीच नव्हती, हे त्यांना बरंच उशिरा कळलं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. त्यांचा शेजारी आणि जुना शिकवणीचा विद्यार्थी वसंत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. पौषात लग्नं नसतात, कॅमेरा रिकामा. चंपतरावांनी त्याला वर्गात आणलं आणि आठवीच्या मुलींना म्हणाले, "मी शिकवलेलं तुम्ही करून दाखवा. व्हिडिओ तुम्हीच काढा. मी मधात पडणार नाही." मनातून खात्री होती, की निघेल ती आपल्याच हुशारीची फिल्म.

फिल्म बघायला मुख्याध्यापिका सिंधूताईंनी पालकांनाही बोलावलं. चंपतराव भाच्याच्या लग्नातला सफारी घालून आले. तो पोटावर मावेना, म्हणून श्वास धरून पहिल्या रांगेत बसले.

टीव्हीवर तारा नावाची मुलगी दिसली. तिने परातीतल्या लाल पाण्यात पेटती मेणबत्ती उभी केली आणि वर काचेचा ग्लास पालथा घातला. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं.

"सर सांगतात, हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो. तो जळाला, म्हणून पाणी तेवढंच चढलं."

चंपतरावांनी आजूबाजूला बघत मान डोलावली.

मग ताराने त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेलं.

"हवा तेवढीच, ग्लास तोच. मग पाणी जास्त काहून चढून राहिलं?" पडद्यावरच्या ताराने विचारलं. पुढच्या चित्रात ग्लासाच्या काठाखालून बुडबुडे सुटत होते. "गरम हवा फुगून बाहेर पळाली. उरलेली थंड होऊन आकसली, तिच्या जागी पाणी आलं. आम्ही पाच वेळा करून पाहिलं."

चंपतरावांच्या तोंडून निघून गेलं, "कॅमेरा बिघडला असेल."

"सर, बुडबुडे कॅमेऱ्यात नाही, परातीत हायेत," वसंत म्हणाला.

सगळे हसले. चंपतरावांनी धरलेला श्वास सोडला तसं सफारीचं एक बटन तटकन उडालं. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. ते उभे राहिले. "तारा, तुह्यं बरोबर हाय. एकोणीस वर्षांत मले दुसरी मेणबत्ती लावून पाहायचं सुचलं नाही."

"सर, त्याच उत्तराले तुम्ही मले पैकीच्या पैकी मार्क देल्ले होते," वसंतने मागून आठवण करून दिली.

"राहू दे गा. माह्यावालेच कापतो."

त्या आठवड्यात त्यांनी जुन्या विद्यार्थिनींचे पत्ते शोधून वीसेक पोस्टकार्डं टाकली: 'मेणबत्तीचं उत्तर मी चुकीचं शिकवलं होतं. क्षमा असावी.' उत्तर एकच आलं, उमरेडच्या शामलाचं. 'सर, मी दोन लेकरांची आई आहे. मेणबत्ती फक्त लाइट गेल्यावर लावते. तुम्ही तब्येतीला जपा.'

चंपतरावांनी ते कार्ड स्वतःच वर्गात वाचून दाखवलं.